ब्रेक कार्ड आणि तीन मुलं : डिझाइन ठरवतानाच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

प्रबंधाचा विषय शेवटी पक्का झाला. आमच्या शाळेतली तीन मुलं, तिघांनाही ऑटिझम, बोलणं अगदी थोडं, आणि टेबलावरचं काम अवघड झालं की वस्तू फेकणं, किंचाळणं, एकाचं तर स्वतःचा हात चावणं. त्यांना "मला ब्रेक हवा" असं सांगणारं एक चित्रकार्ड वापरायला शिकवायचं आणि फेकणं-किंचाळणं कमी होतं का ते बघायचं. कल्पना माझी नाही, कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये चार मुलांबरोबर हेच दाखवलं होतं की मूल जे त्रास देऊन मिळवतं तेच मागायचा सोपा मार्ग दिला की त्रास कमी होतो. पण आपल्या वर्गात, मराठीत, एका ताईकडे आठ मुलं असताना हे कसं बसतं ते मला स्वतः बघायचंय.

मुलांची नावं इथे लिहिणार नाही. क (९ वर्षं, चावणारा), ख (८), ग (७).

४ जुलै

आज डिझाइनचा पहिला कच्चा आराखडा काढला, एबीएबी. म्हणजे आधी नुसतं बघायचं, मग कार्ड द्यायचं, मग काढून घ्यायचं, मग परत द्यायचं. ग्राफ वर, खाली, वर, खाली असा गेला की कोणीही मान्य करेल की हे कार्डामुळेच झालं, योगायोग दोनदा लागोपाठ असा वागत नाही. एकच मूल असलं तरी पुरतं, वेळही कमी लागतो. मला तर हे सगळ्यात स्वच्छ वाटतं. वहीत चार खण आखले, प्रत्येकात पाच दिवस. वीस सेशन्स, म्हणजे दिवाळीच्या कितीतरी आधी संपेल असा हिशोब केला.

९ जुलै

क ची आई आली होती संमतीपत्राबद्दल बोलायला. मी त्यांना चारही टप्पे समजावून सांगितले, कार्ड देऊ, मग आठवडाभर काढून घेऊ, मग परत देऊ. त्या ऐकून घेत होत्या आणि मग हळूच म्हणाल्या, "ताई, त्याला एकदा मागता यायला लागलं की मग ते परत काढून घ्यायचं? का बरं?"

माझ्याकडे उत्तर होतं, ग्राफसाठी. पण ते त्यांच्यासमोर तोंडातून निघेना.

घरी आल्यावर तेच डोक्यात. कार्ड म्हणजे त्याच्यासाठी शब्द आहे. बोलायला लागलेल्या मुलाचं तोंड आठवडाभर बांधून ठेवायचं आणि तो परत हात चावतो का ते मोजायचं, असं वाक्य करून बघितलं की ते किती चुकीचं आहे हे दिसतं. शिवाय दुसरी गोष्ट, कार्ड काढलं तरी "मागता येतं" हे तो विसरणार नाही. माझं कोपर धरेल, दाराकडे बोट दाखवेल. म्हणजे वागणं मूळ पातळीला परत येईलच असंही नाही, आणि आलं नाही तर माझा पुरावाच गेला. जे शिकलं की पुसलं जात नाही त्याला रिव्हर्सल, म्हणजे दिलेलं काढून घेऊन बघणं, लावून उपयोग नाही आणि जे पुसलं जाऊ नये त्याला लावायचा अधिकार नाही.

बेअर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांचा १९६८ चा लेख परत काढून वाचला. त्यात तेव्हाच लिहून ठेवलंय की वागणं मागे फिरत नसेल किंवा फिरवणं योग्य नसेल तर मल्टिपल बेसलाइन वापरा, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी मोजायला लागायचं पण उपाय एकेकाला वेगवेगळ्या तारखेला द्यायचा. इतक्या वर्षांपूर्वीचं हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा परीक्षेसाठी वाचलं होतं.

एबीएबी रद्द. पान फाडलं नाही, तसंच ठेवलंय.

१६ जुलै

कॉलेजात समितीसमोर मांडलं. पहिलाच प्रश्न, "फक्त तीन मुलं? तीस घ्या, दोन गट करा, टी-टेस्ट लावा." म्हणजे दोन गटांच्या सरासरीची तुलना. मी सांगायचा प्रयत्न केला की इथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, क ची आजची नोंद क च्याच मागच्या पाच दिवसांशी, आणि एकेका मुलाच्या चाळीस-पन्नास नोंदी असतात. तीस मुलांची सरासरी काढली तर सरासरी मूल सुधारलं एवढं कळेल, पण सरासरी मूल कुठल्याच वर्गात बसलेलं नसतं. उद्या मला क बरोबर काय करायचं ते त्या सरासरीतून कळणार नाही. शिवाय चावणारी, न बोलणारी, काम टाळण्यासाठीच फेकणारी अशी सारख्या वयाची तीस मुलं आणायची कुठून.

मार्गदर्शक मॅडमनी बाजू सावरली. त्या म्हणाल्या, मुलं कमी असली तर चालतील पण परिणाम किमान तीन वेगवेगळ्या वेळी तीनदा दिसला पाहिजे, नाहीतर तो पुरावा नाही. हे समितीला पटलं. शेवटी ठरलं की आराखडा सविस्तर लिहून परत द्यायचा, आणि "पी व्हॅल्यूचं काय ते बघा" असं सांगितलंय, म्हणजे निव्वळ योगायोगानेही असा निकाल यायची शक्यता किती.

२२ जुलै

गेल्या आठवड्यात एबीसी नोंदी केल्या, म्हणजे आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. क आणि ख चं चित्र सरळ आहे, वही समोर आली की फेकणं, वही बाजूला झाली की शांत. पण ग चं वेगळंच निघालं. तो काम चालू असताना फेकत नाही, ताई दुसऱ्या मुलाकडे वळली की फेकतो, आणि ताई "अरे अरे" करत धावत आली की हसतो. त्याला कामातून सुट्टी नकोय, त्याला ताई हवीये. अशा मुलाला ब्रेक कार्ड शिकवलं तर आपण त्याला ताईपासून लांब जायचं साधन देतोय, ते चालणारच नाही आणि मग मी लिहिणार की कार्ड निरुपयोगी. त्याला "ताई, इकडे बघा" असं कार्ड हवं. ते त्याच्या वर्गताईला सांगितलं, ती वेगळं सुरू करतेय.

म्हणजे ग माझ्या अभ्यासातून बाहेर. त्याच्या जागी तिसऱ्याच एका वर्गातला घ (८ वर्षं), त्याच्या नोंदी क सारख्याच आहेत. आणि हे एका अर्थी बरंच झालं कारण ग आणि ख एकाच वर्गात होते. मल्टिपल बेसलाइनमध्ये एका मुलाला शिकवताना बाकीच्यांना काही मिळता कामा नये, शेजारच्या बाकावरून बघून बघून शिकलं की सगळ्याच रेषा एकदम हलतात आणि मग कशामुळे काय हललं ते सांगता येत नाही. आता तिघं तीन वर्गांत.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रोडला सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, पुण्यातल्या शाळांना सुट्टी. घ चं घर त्याच बाजूला, त्याच्या बाबांना फोन केला, ते वरच्या मजल्यावर आहेत, ठीक आहेत.

घरी बसून पी चा प्रश्न सोडवला. मुलांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला तर तीन मुलांचे सहाच क्रम होतात, म्हणजे सगळं अगदी मनासारखं झालं तरी पी एक षष्ठांश, ०.१७ च्या आसपास. नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेखाली जाणं शक्यच नाही. चार मुलं घेतली तर चोवीस क्रम, एक चोविसांश म्हणजे ०.०४२. बसलं! म्हणजे चौथं मूल घेतलं की समिती खूश.

मग ग्राफ आखून बघितला. चौथ्या मुलाची पाळी येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. तोपर्यंत ते मूल रोज फेकत राहणार, कदाचित चावत राहणार, आणि आमच्या हातात उपाय तयार असताना आम्ही शेजारी बसून टॅली मारणार. एका दशांश चिन्हासाठी. नाही घेणार.

आणि त्याच धाग्याने पुढे, क्रम चिठ्ठीने ठरवायचा तरी का? क हात चावतो, त्याच्या मनगटावर घट्टा पडलाय. तो पहिला. यात चर्चा नाही. ख आणि घ मधली चिठ्ठी टाकली, ख दुसरा आला. यामुळे रँडमायझेशनचा, म्हणजे सगळा क्रम चिठ्ठीनेच ठरल्याचा, दावा करता येणार नाही हे मला माहितीये आणि ते प्रबंधात स्पष्ट लिहिणार, पी देणार नाही, ग्राफ देणार. बघणाऱ्याने पातळी बघावी, उतार बघावा, चढउतार बघावा, बदल किती लगेच झाला ते बघावं.

३० जुलै

दुसरी निरीक्षक म्हणून सहकारी ताई तयार झाली. आज दोघींनी क चा एकच २० मिनिटांचा व्हिडिओ बघून वेगवेगळं मोजलं. माझे ९, तिचे ६. सहाला नवाने भागलं तर ६७ टक्के. व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसने (अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा, संशोधनाचा पुरावा तपासणारा उपक्रम) २०१० मध्ये जे निकष दिले त्यात प्रत्येक टप्प्यातल्या किमान २० टक्के सेशन्सना दुसरा निरीक्षक आणि सहमती किमान ८० टक्के हवी.

भांडण कशावर झालं तर पेन्सिल. तो पेन्सिल टेबलाच्या कडेवरून हळूच ढकलतो आणि ती पडते, मी ते फेकणं धरलं, तिने नाही. तिचंच बरोबर वाटलं. नवीन व्याख्या अशी, वस्तू हाताने उडवली आणि ती टेबलापासून एक हात तरी लांब पडली तर फेकणं. किंचाळणं म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू येईल असा आवाज, दोन आवाजांत पाच सेकंद शांतता असेल तर दोन, नाहीतर एकच. चावणं म्हणजे दात कातडीला लागले, जोर किती ते बघायचं नाही.

अजून एक खाच सापडली. दोघींचे आठ-आठ आले तरी ते तेच आठ असतील असं नाही, तिने सुरुवातीचे मोजले असतील आणि मी शेवटचे. म्हणून २० मिनिटांचे एकेका मिनिटाचे तुकडे केले आणि मिनिटागणिक ताडून बघायचं. संध्याकाळी तोच व्हिडिओ नव्या व्याख्येने, ८५ टक्के.

५ ऑगस्ट

तिघांची बेसलाइन, म्हणजे काही न शिकवता नुसतं मोजणं, एकाच दिवशी सुरू. रोज सकाळी २० मिनिटं, तेच टेबल, त्याच पातळीचं काम. आणि कार्ड आत्तापासूनच टेबलावर ठेवलंय, फक्त शिकवलेलं नाही, त्याने उचलून दिलं तर ब्रेक मिळेल. हे मुद्दाम. कार्ड नसताना कार्ड वापरलं नाही असं लिहिण्यात काय अर्थ आहे, आधी शून्य नंतर सहा असा ग्राफ आपोआपच येईल आणि तो खोटा असेल.

घ ला रोज मोजणार नाही. त्याची पाळी यायला महिना-दीड महिना आहे, रोज अवघड काम देऊन त्याला चिडवायचं कशाला. सुरुवातीला तीन दिवस, मग आठवड्यातून एकदा, आणि सुरू करायच्या आधी सलग काही दिवस. याला मल्टिपल प्रोब म्हणतात, प्रोब म्हणजे अशी अधूनमधूनची एकेक मोजणी, हॉर्नर आणि बेअर यांचा १९७८ चा लेख आहे.

आणि मुलांची मर्जी. पालकांची सही आहे, पण ज्या दिवशी मूल टेबलापाशी यायलाच तयार नसेल त्या दिवशी सेशन नाही, ओढत आणायचं नाही. नोंद कोरी गेली तरी चालेल.

९ ऑगस्ट

रोजच्या २० मिनिटांत फेकणं, किंचाळणं, चावणं मिळून किती वेळा ते असं. क : ११, ९, १२, १०, १२. कार्ड शून्य वेळा. पाच नोंदी झाल्या, सपाट आहे, उतार असलाच तर वाईटाकडे. सोमवारी सुरू करायला हरकत नाही.

ख : ८, ७, ६, ५, ५. हा काही न करताच सुधारतोय! अशात कार्ड दिलं असतं तर उतरती रेषा तशीच उतरत राहिली असती आणि श्रेय कार्डाने खाल्लं असतं. कारण शोधलं. त्याची ताई, मी मागे बसते म्हणून, त्याची फजिती नको म्हणून रोज थोडं सोपं काम देत होती. मायेने केलेलं आहे, तिला काही बोलले नाही, फक्त कामाचे कागद आता मीच तिघांना एका गठ्ठ्यातून देणार. अवघडपणा हलला तर बाकी सगळं हललं.

१४ ऑगस्ट

क चं शिकवणं सोमवारी सुरू झालं. त्याने पेन्सिल जोरात दाबायला सुरुवात केली की तीच खूण, फेकायच्या आधीची, त्या क्षणी मागून हात धरून कार्ड माझ्या हातात, आणि लगेच वही बंद, दोन मिनिटं ब्रेक. लगेच म्हणजे लगेच, "हे एक गणित संपव मग" असं नाही.

आकडे १०, १३, १४. वाढले! मंगळवारी रात्री झोप लागली नाही. आज तिघांचे ग्राफ एकाखाली एक ठेवून बघितले तर ख सुद्धा ११, आणि घ चा साप्ताहिक प्रोब नेमका आजच होता तोही नेहमीपेक्षा वर. तिघंही एकदम वर गेलेत. १५ ऑगस्टची बँड प्रॅक्टिस, दोन दिवस सकाळी मैदानात ढोल आणि बिगुल! कार्डाचा काही संबंध नाही. एकट्या क चा ग्राफ असता तर मी कार्ड फसलं असं समजून बंद केलं असतं. तिन्ही रेषा एकाच वेळी चालू ठेवायच्या त्या यासाठीच, बाहेरून काही आलं तर ते सगळ्यांवर दिसतं.

२३ ऑगस्ट

क : ७, ४, ५, २, ३. चावणं गेल्या तीन दिवसांत नाही. आज सहा वेळा कार्ड स्वतःहून, माझा हात लागला नाही. ख आणि घ जागच्या जागी.

काल एकदा त्याने कार्ड उचललं, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवलं आणि गणित पूर्ण केलं. याला रकाना नाही माझ्या तक्त्यात. इथे लिहून ठेवते.

३ सप्टेंबर

ख २८ ऑगस्टला सुरू झाला, चार सेशन्समध्येच ९ वरून ४ वर आला, त्याला क पेक्षा लवकर समजलं.

पण आज घ च्या प्रोबला त्याने दोनदा कार्ड दिलं. न शिकवता. चौकशी केली तर त्याच्या वर्गताईने क ला बघितलं, तिला फार आवडलं, तिने घरी तसंच कार्ड काढून गेल्या गुरुवारपासून घ ला शिकवायला सुरुवात केली. माझा चेहरा बघून ती घाबरली. चूक माझी आहे, मी तिला फक्त "थांबा" म्हटलं होतं, का थांबायचं ते कधी सांगितलंच नव्हतं. आज तिन्ही वर्गताईंना बसवून ग्राफ दाखवला. ती म्हणाली, "मग आता मी शिकवायचं बंद करू का?"

बंद कर म्हणावं तर मी जुलैत जे करणार नाही म्हटलं तेच झालं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग ठरवलं की तिच्या वेळात ती शिकवतेय ते चालू राहू दे, आपण घ साठी जागा बदलू. टेबलाचं काम सोडून डब्याआधीचा हात धुण्याचा वेळ, तिथेही तो पाणी आणि साबण फेकतो, तिथे अजून कोणी काही शिकवलेलं नाही. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या तिसरी रेषा पहिल्या दोन रेषांइतकी नेटकी राहणार नाही, पण काय झालं ते ग्राफवर बाण काढून लिही, लपवू नको. उद्यापासून तिथली बेसलाइन, सुट्टीआधी तीन दिवस मिळतील.

१९ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपून आज शाळा सुरू. वहीत घ ची सुरुवात आजच लिहिलेली होती, खोडली. सुट्टीनंतरचा पहिला दिवस हा टप्पा बदलायला सगळ्यात वाईट दिवस, मूल मोदक खाऊन आणि रात्री जागून आलंय, काही बदललं तर ते गणपतीमुळे की कार्डामुळे कोण सांगणार. अजून तीन दिवस नुसतं मोजायचं, २४ ला सुरू.

३० सप्टेंबर

घ : हात धुताना सुट्टीआधी ६, ७, ६, सुट्टीनंतर ७, ६, ७. कार्ड सुरू केल्यापासून ५, ३, ३, १, २. तीन मुलं, तीन वेळा, तीन तारखा. ख आणि क सुट्टीनंतरही खालीच राहिलेत.

७ ऑक्टोबर

नवा प्रश्न, आणि वर्गताईंनी तो बरोबर विचारला. क आता दर गणिताला कार्ड देतो. २० मिनिटांत चौदा ब्रेक. फेकत नाही, चावत नाही, पण शिकतही नाही.

यासाठी चेंजिंग क्रायटेरियन, म्हणजे निकष पायरीपायरीने वाढवत नेणं, हार्टमन आणि हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेलं. एक गणित झाल्यावर कार्ड चालेल, मग दोन, मग तीन, मग पाच. टेबलावर तेवढे गोल काढलेली पट्टी, एकेका गोलावर बटण ठेवायचं, भरले की कार्ड. वागणं दर पायरीला नेमकं त्या पायरीएवढंच सरकलं तर पायरीमुळेच सरकलं हे दिसतं. पायऱ्या सारख्या लांबीच्या ठेवायच्या नाहीत, नाहीतर आपोआपच वाढतंय असंही म्हणता येईल. आणि मध्ये एकदा पायरी मागे घ्यायची, पाचवरून तीनवर, तो तीनवर आला तर पुरावा पक्का.

म्हणजे मागे जाणं आलंच शेवटी. पण इथे मागे जाणं म्हणजे त्याला काम कमी आणि ब्रेक लवकर. हे मी त्याच्या आईला न अडखळता सांगू शकते, आज सांगितलंही.

२१ ऑक्टोबर

दोनवर तीन दिवस, तीनवर पाच दिवस, आज पहिल्यांदा पाचवर. चौथ्या गणिताला पेन्सिल दाबली, मी श्वास धरून बसले, त्याने पट्टीकडे बघितलं, एक गोल रिकामा होता. पाचवं केलं. बटण ठेवलं. मग कार्ड.

दिवाळीच्या सुट्टीआधी पाचच्या नोंदी पूर्ण करून एकदा तीनवर यायचंय. त्याची आई दाराशी थांबली होती, म्हणाली कार्ड आता शर्टाच्या खिशातून काढू देत नाही, कपडे धुवायला टाकताना रडतो, आणि सुट्टीत आजोळी जायचंय तर तिकडच्यासाठी एक जास्तीचं मिळेल का. उद्या तीन कार्डं लॅमिनेट करून आणायची, आणि आजीला फोनवर सांगायचं की त्याने दिलं की लगेच घ्यायचं.